अंगठ्यांचं पान

प्रस्तावाचा चौथा मसुदा टाईप करताना मला पहिल्यांदा राग आला. त्याआधीच्या तीन मसुद्यांत मी फक्त स्पेलिंगच्या चुका सुधारत होते.

पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं की तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी एक पूर्ण सत्र डोंगरातल्या एका वस्तीवर राहतील आणि तिथल्या लोकांच्या बरोबरीनं एक पक्का साकव बांधतील. दुसऱ्या मसुद्यात सत्राचा महिना झाला. तिसऱ्यात 'राहतील' जाऊन 'भेट देतील' आलं. चौथ्यात, शक्य असेल तिथे विद्यार्थ्यांना ग्रामीण परिस्थितीची ओळख करून देण्यात येईल, एवढंच उरलं. सगळं सफाईदार इंग्रजीत. माझी बोटं ते बिनचूक उतरवत होती. सात प्रती, मध्ये सहा कार्बन. खालची प्रत फिकट यायची म्हणून मी प्रत्येक अक्षर जोर लावून मारत असे.

हे काम माझ्याकडे कसं आलं ते सांगायला हवं. वडील भोर संस्थानच्या नोकरीत होते. संस्थान विलीन झालं आणि ते मामलेदार कचेरीत कारकून झाले. संस्थानी दिवसांत त्यांनी मला हौसेनं पुण्याला इंग्रजी शाळेत, नन्सच्या वसतिगृहात ठेवलं होतं. इंटर झाल्यावर मी भोरला परत आले ती इंग्रजीत विचार करणारी आणि मराठीत गप्प बसणारी मुलगी होऊन. शेजारच्या बायकांना मी शिष्ट वाटत असे. खरं म्हणजे मला बोलायची भीती वाटायची. टाईपरायटरशी बोलावं लागत नाही, म्हणून तो मला आवडला.

टाईपरायटर सरांचा होता. सर पुण्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात प्राध्यापक होते, मूळचे दूरच्या प्रांतातले. तरुणपणी भाटघर धरणाच्या देखभालीवर असताना त्यांची वडिलांशी ओळख झाली होती. शनिवार-रविवार ते धरणावरच्या बंगल्यात येऊन राहत, कारण पुण्यात त्यांना लिहायला शांतता मिळत नसे. मराठी त्यांना भाजी घेण्यापुरती येई. एका परदेशी संस्थेनं जाहीर केलं होतं की जी कॉलेजं इंजिनिअरिंगचं शिक्षण मुळापासून बदलतील त्यांना ती मदत देईल. कॉलेजनं प्रस्ताव तयार करायचं काम सरांवर सोपवलं होतं.

सर बोलायला लागले की ऐकत राहावंसं वाटे. "आमची मुलं फळ्यावर पूल बांधतात आणि पास होतात," ते म्हणत. "चार वर्षांत एकानंही दगड उचललेला नसतो. गवंडी बोलतो ते त्याला कळत नाही, आणि हा बोलतो ते गवंड्याला कळत नाही. असा इंजिनिअर काय करायचा?" मला ते पटलं होतं. हे मुद्दाम लिहितेय. जिनं कधी विश्वासच ठेवला नव्हता तिचा हा राग नाही.

त्या संस्थेच्या छापील फॉर्मात एक प्रश्न होता: स्थानिक लोकांचा सहभाग काय असेल? त्याचं उत्तर मिळवायला आम्ही वेल्ह्याला गेलो. मार्गशीर्षात, कॉलेजच्या जीपनं. वडिलांनी सोबत कचेरीतले पट्टेवाले काका दिले होते. बिल्ला, पट्टा, सगळं घालून ते पुढच्या सीटवर बसले. कापूरहोळ, नसरापूर, वेल्हे. वेल्ह्याच्या पुढे जीप थांबली आणि दोन तास चढ चढून आम्ही वस्तीवर पोचलो.

धनगरांची आठ-नऊ घरं. म्हशी, गाई, थोडी शेळ्यामेंढरं. वस्ती आणि वेल्हे यांच्या मध्ये एक खोल ओढा. दर वैशाखात वस्तीतली माणसं त्यावर जांभळीचे सोट टाकून, वेलांनी आवळून साकव घालत. बहुतेक वर्षी श्रावणापर्यंत ओढा तो घेऊन जाई. मग दसऱ्यापर्यंत पलीकडे जाणं बंद. मागच्या पावसात वस्तीच्या कारभाऱ्यांच्या सुनेला दवाखान्यासाठी पलीकडे नेता आलं नव्हतं. याहून जास्त त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

सर इंग्रजीत बोलत, मी मराठीत सांगत असे. मराठीत एवढं सलग मी त्याआधी कधी बोलले नव्हते.

"पोरं येनार ती कुनाची?" कारभाऱ्यांनी विचारलं. पांढऱ्या मिशा, डोक्याला घोंगडीची खोळ.

"कॉलेजातली. पूल बांधायचं शिकतात."

"शिकत्यात तर मंग बांधाया येत न्हाई व्हय?"

"नाही. ते इथे येऊन शिकतील. तुमच्याकडून."

कारभारीण दाराशी ताक घुसळत बसली होती. तिनं रवी थांबवली. "म्हंजे मास्तर आमी? अन् छडी कोन धरनार, ही म्हस?"

सगळी वस्ती हसली. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं की लोकांना फार आनंद झालाय. सरांनी ते वहीत लिहून घेतलं.

मग मी तो प्रश्न विचारला. बारा मुलं आली तर तुम्ही काय द्याल? हसणं थांबलं. त्यांनी आपसात बोलायला सुरुवात केली, आमच्याकडे पाठ करून. मुलांना राहायला कारवीचा मांडव घालू. बारा पोरांना दूध-भाकरी घालू. दगड ओढायला वस्तीतले सगळे गडी. इथपर्यंत पटकन ठरलं. अडलं ते पुढे.

"कवा येत्याली?"

सर म्हणाले फेब्रुवारीत. मी म्हटलं, होळीच्या आधी.

हेच अवघड होतं. होळी झाली की वस्ती जनावरं घेऊन खाली नदीकाठाला उतरते, कारण वरचा झरा आटतो. पण ओढ्यात पाया खणायचा तर तो उन्हाळ्यातच खणायला हवा. मुलं वर आणि वस्ती खाली, असं कसं चालेल? बराच वेळ बोलणं चाललं. शेवटी कारभारी म्हणाले, झऱ्याचं कुंड आणखी खोल करू, औंदा उतरायचं नाही.

सरांना मी ते सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "हे लिही. हे नक्की लिही." वस्ती आपलं दरवर्षीचं स्थलांतर पुढे ढकलेल, असं मी टिपून घेतलं. ते वाक्य माझं मलाच आवडलं होतं.

कारभाऱ्यांनी एकाला देवाच्या ठाण्याकडे धाडलं. तो पानावर भंडारा घेऊन आला. एकेकानं पुढे येऊन चिमूट उचलली, कपाळाला लावली, जिभेवर ठेवली आणि म्हटलं, "पोरं येऊन साकव हुईस्तवर वस्ती हलनार न्हाई." सरांनी फोटो काढला. मी पिशवीतून शाईचा पॅड काढला आणि कोऱ्या कागदावर प्रत्येकाचा अंगठा माझ्या हातानं धरून दाबला. खडबडीत, भेगांचे अंगठे. शाई भेगांत उतरायची आणि कागदावर पांढऱ्या रेघा उठायच्या. कारभारीण पुढे आली तेव्हा सर म्हणाले, बायकांचे नकोत, घरातल्या कर्त्यांचे पुरेत. मी ते मराठीत सांगितलं.

"अन् पोरास्नी भाकरी कोन थापनार? ह्ये कर्तं?" असं म्हणून तिनं स्वतःच अंगठा पॅडवर दाबला आणि कागदावर उठवला. सगळ्यांत ठळक तोच उठला.

त्या कागदाला प्रस्तावात पुरवणी क्रमांक चार असं नाव मिळालं. त्याच्या माथ्यावर मी इंग्रजीत टाईप केलं: स्थानिक समाजाची लेखी हमी.

पुढे कॉलेजच्या समितीनं मसुदे तपासायला घेतले. समितीतले लोक पुण्याचे, शुद्ध मराठी बोलणारे. त्यांना वर्षभराचं वेळापत्रक हलवायचं नव्हतं. मुलांचे पालक तक्रार करतील, डोंगरात ताप येईल, परीक्षा कधी घ्यायची, असे त्यांचे शेरे लाल पेन्सिलीनं समासात असत. दर शनिवारी सर ते पान माझ्यासमोर ठेवत आणि नवा मजकूर देत. शेवटी सत्राच्या जागी एक यंत्र आलं, काँक्रीटचे ठोकळे दाबून फोडणारं, परदेशातून आणायचं; आणि सरांसह तिघा प्राध्यापकांचा परदेश दौरा, तिथलं इंजिनिअरिंगचं शिक्षण पाहण्यासाठी.

पुरवणी चार मात्र तशीच राहिली. फोटोसकट.

मी एकदा विचारलं. पुष्कळ दिवस मनात घोळवून, पाठ करून. "सर, विद्यार्थी तिथे राहणार नसतील तर हे पान कशाला?"

"ते राहू दे," सर म्हणाले. "आपल्याकडचं सगळ्यांत वजनदार पान आहे ते."

मी म्हटलं, "बरं."

मी टाईप करणारी मुलगी. लिहिणारे दुसरे. हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलं की ते मला खरं वाटायला लागलं होतं. वस्तीवर निरोप धाडावा असं मनात येई, आणि ते काम सरांचं आहे असं म्हणून मी पुढचं पान यंत्रात सरकवत असे.

मदत मंजूर झाली. सरांनी आमच्या घरी पेढे पाठवले. वडिलांनी देवापुढे ठेवून सगळ्यांना वाटले. मीही एक खाल्ला.

चैत्रात, बाजारच्या दिवशी, वस्तीतला एक माणूस लोणी घेऊन भोरला आला आणि घर शोधत आमच्या दारात उभा राहिला. वडील कचेरीत होते. मी दारात गेले.

"बाय, पोरं कवा यायची?"

उत्तराची वाट न पाहता तो सांगत राहिला. होळीच्या आधीपासून मांडव घालून ठेवलाय. पोरांसाठी नाचणी दळून ठेवली होती, तिला किडे लागले, ती म्हशींना घातली. कुंडात आता गुडघाभर चिखल आहे. वासरं कारभारणीच्या माहेरी नेऊन सोडली. म्हशी दूध देईनाशा झाल्यात.

"मग उतरा ना खाली!" मी म्हटलं. "कशासाठी थांबलात?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी लहान पोर आहे. "भंडारा उचललाय न्हवं?"

"पण मुलं आली नाहीत, तर..."

"त्ये तुमी येऊन सांगाय पायजे. ज्याच्याफुडं उचलला त्यानं सोडवायचा. तवर कसं हलायचं? मागं एकानं मोडला, त्येच्या दावनीला एक जनावर ऱ्हायलं न्हाई." मग तो म्हणाला, "साहेबास्नी म्हनावं, लवकर या. वस्तीतल्या बाया आमास्नी घरात घीनाशा झाल्यात."

त्या शनिवारी मी धरणावरच्या बंगल्यात गेले. सर सामान आवरत होते. लोकरीचा नवा कोट खुर्चीच्या पाठीवर होता. मी सगळं सांगितलं. इंग्रजीत, न अडखळता. इंग्रजीत मला राग नीट मांडता येत होता.

"त्यांना अडवलंय कुणी?" सर म्हणाले. "जा म्हणावं. निरोप पाठव."

"निरोपानं होणार नाही. तुम्हाला स्वतः यावं लागेल."

"चिमूटभर हळदीसाठी? मी बारा दिवसांनी जहाजात बसणार आहे." ते हसले, कुत्सितपणे नाही, कौतुकानं हसल्यासारखे. "पुढच्या वर्षी पाहू. काही विद्यार्थी सहलीला तरी नेऊ तिथे."

"सर, प्रस्तावात आपण खोटं लिहिलंय."

त्यांनी कोटाची घडी घालायची थांबवली. "खोटं कुठलं? ते पान खरं आहे. अंगठे खरे आहेत. तूच घेतलेत."

मी परत आले. त्यानंतर मी त्यांच्यासाठी एक ओळही टाईप केली नाही. पण त्यानं कुंडात पाणी येणार नव्हतं.

घरी मी सांगितलं की मी वेल्ह्याला जाणार. आई म्हणाली, वेड लागलंय. वडील म्हणाले, पट्टेवाल्यांना घेऊन जा. मला वाटतं, पेढे त्यांनाही आठवले असावेत.

पहिल्या एसटीनं नसरापूर, तिथून लाकडं आणायला निघालेल्या रिकाम्या ट्रकमधून वेल्हे. मग चढ. ओढा कोरडा पडला होता. त्यात वस्तीच्या लोकांनी दोन्ही काठांना दगडांचे ढीग लावून ठेवले होते. एका आकाराचे, निवडून, ओढून आणलेले. मुलं आली की काम अडायला नको म्हणून. पट्टेवाले काका त्या ढिगांपाशी थांबले, घाम पुसला आणि म्हणाले, "ताई, ह्ये लई वंगाळ झालं." मी पुढे चालत राहिले.

वस्तीवर जनावरं सावलीत नुसती उभी होती. त्यांच्या बरगड्या मोजता आल्या असत्या. मांडव पाहिला. कारवीच्या कुडाला आतून शेणानं सारवलं होतं आणि भिंतीला बारा खुंट्या मारल्या होत्या, पोरांचे कपडे टांगायला.

"साहेब मागनं येत्यात का?" कारभाऱ्यांनी विचारलं.

"नाही. सर येणार नाहीत. मुलंही येणार नाहीत. औंदा नाही, पुढच्या वर्षीही नाही. परदेशातून मदत मिळाली, पण ती दुसऱ्या कामाला मिळाली." हे मी वाटेत जुळवून ठेवलं होतं.

कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. कारभारीण तेवढी बोलली, तीही नवऱ्याला. "ऐकलं का? मांडवाला बारा खुट्या मारल्या. आता टांगा सोताला."

"तुम्ही आजच खाली उतरा," मी म्हटलं.

"सोडवनार कोन?" कारभारी म्हणाले. "साहेब तर आलं न्हाईत."

पट्टेवाले काका पुढे झाले. पितळी बिल्ला पुढे ओढून म्हणाले, "ह्यो बगा. मामलेदार कचेरीचा मानूस हाय मी. मी सांगतो, उतरा. काय झालं तर माज्यावर."

"तुमचा बिल्ला तलाठ्याला दावा," कारभारी म्हणाले. "द्येवाला काय त्याचं?"

पुरुषांचं पुन्हा सुरू झालं. दोघांनी पुण्याला जाऊन साहेबाला धरून आणावं. नाहीतर साहेबाच्या घरातलं कोणी आणावं. पुणं किती लांब, साहेब कुठं राहतो, कोणालाच माहीत नव्हतं. मी कोटाचं आणि जहाजाचं सांगितलं. तेवढ्यात एक म्हैस पुढचे गुडघे टेकून बसली आणि तिला उठवायला तिघं गेले.

कारभारीण उठली. "त्या दिशी साहेब काय बोलला, तुमच्यातल्या एकाला तरी उमगलं का?" तिनं विचारलं. "मला तर न्हाई उमगलं. चिमनी चिवचिवल्यागत बोलत हुता. आपन बोल्लो कुनासंगं? ह्या बायसंगं. शब्द हिचा. अंगठं हिनं धरलं. मंग सोडवील ती हीच की!"

सगळे माझ्याकडे पाहायला लागले.

मी म्हणणार होते की मी फक्त भाषांतर करत होते. ओठांवर आलं होतं. पण मराठीत ते वाक्य मला करता येईना.

भंडारा आणला. काय म्हणायचं ते मला माहीत नव्हतं. कारभारीण सांगत गेली. चिमूट उचलायची, जिभेवर ठेवायची आणि म्हणायचं: शब्द माझा होता, मी तो पाळला नाही, वस्ती मोकळी.

मी चिमूट उचलली. मी म्हटलं, "शब्द सरांचा होता. सरांनी आणि त्यांच्या समितीनं..."

"न्हाई," कारभाऱ्यांनी मला मध्येच तोडलं. "दुसऱ्याचं नाव न्हाई घ्यायाचं. भंडारा ज्याच्या हातात त्यानं आपलंच सांगायचं."

"पण हे खरं आहे! त्यांनीच..."

"असंल की. पर त्ये हितं न्हाईत."

इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. पुण्यात लाल पेन्सिलीनं एकेक शब्द खोडणारे ते सगळे, लोकरीचा कोट, ठोकळे फोडणारं यंत्र, ते सगळं सुखरूप होतं आणि चूक कबूल करायला उभी होते मी. मला ती चिमूट फेकून द्यावीशी वाटली. आणि त्याच वेळी दिसत होतं की चौथा मसुदा मीच टाईप केला होता. तिसराही. दुसराही. सात-सात प्रती, खालची फिकट येऊ नये म्हणून जोर लावून. मार्गशीर्षापासून चैत्रापर्यंत एकही निरोप मी इथे धाडला नव्हता.

मी हळद जिभेवर ठेवली. कडू लागली. "शब्द माझा होता," मी म्हटलं. "मी तो पाळला नाही. वस्ती मोकळी."

मला वाटलं होतं आता काहीतरी होईल, कोणी काही बोलेल. कोणी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कारभाऱ्यांनी दावी सोडायला सुरुवात केली होती. बायांची बोचकी बांधलेलीच होती, किती दिवसांपासून कोण जाणे. थोड्या वेळात घरांना काटेरी झापं लागली आणि जनावरं उताराला लागली. बसलेल्या म्हशीला दोघे मागून ढकलत होते. मी कारभारणीजवळ जाऊन विचारलं, काही उचलू का.

"नगं," ती म्हणाली. मग माझ्या हातात शेळीचं एक करडू दिलं, कारण तिच्या दोन्ही कडेवर दोन होती.

उतरताना पट्टेवाले काका माझ्याजवळ येऊन हळू म्हणाले, "ताई, चूक त्या साहेबाची. तुमी कशापायी आपल्या डोक्यावर घेतली?" माझ्या जिभेवर अजून हळद होती आणि मला पाणी मागायची लाज वाटत होती.

नदीकाठाला पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. जिथे वस्ती दरवर्षी उतरते त्या जांभळीखाली दुसऱ्या डोंगरातले धनगर आधीच येऊन राहिले होते. त्यांची जनावरं डोहाच्या काठानं दाटीनं बसलेली. दोन्हीकडचे म्हातारे एकमेकांना ओळखत होते.

"आता येता व्हय?" त्यांच्यातला एक म्हणाला. "होळी हून किती दिस झालं! आमाला वाटलं, तुमी औंदा काशीला गेला."

"जागा सरकवा थोडी," कारभारी म्हणाले.

"कुठं सरकू? तुमी न्हाई आला, तर जागा कुनासाटी राखायची? काय करत हुता वर?"

कारभाऱ्यांना ते सांगता येईना, या वयात त्यांना स्वतःचं हसं करून घ्यायचं नव्हतं. वस्तीच्या म्हशी पाण्याकडे मान ताणून उभ्या होत्या आणि पुढे जायला वाट नव्हती.

कारभारणीनं मला दंडाला धरून पुढे केलं. "तुमी सांगा ह्यास्नी," ती म्हणाली. "आमी का ऱ्हायलो वर, त्ये तुमीच सांगा."

वीस-पंचवीस अनोळखी माणसं. काही पोरी माझ्या चपलांकडे पाहत होत्या. मी करडू हातात घेऊन उभी होते. शाळेत असताना स्नेहसंमेलनात दोन ओळी म्हणायच्या होत्या तेव्हा मी रडून मागे पळाले होते.

"ह्यांची चूक नाही," मी म्हटलं. आवाज फार लहान आला. पुन्हा म्हटलं. "ह्यांची चूक नाही. मी ह्यांना सांगितलं की पुण्याची पोरं येऊन साकव बांधतील. मी ह्यांचे अंगठे घेतले. पोरं आली नाहीत, आणि आली नाहीत हे सांगायलाही मी आले नाही. तोवर हे थांबले. यांचा झरा आटला. म्हशींना पाणी हवंय."

कोणीतरी खो-खो हसलं. "साकव बांदाया पुन्याची पोरं? अन् तुमी ऐकलं?" कारभाऱ्यांची मान खाली गेली. माझ्या रागानं पुन्हा उचल खाल्ली.

"हसू नका!" मी म्हटलं. हे मात्र मोठ्यानं आलं. डोहाच्या पलीकडून परत ऐकू आलं. "ह्यांनी दगड निवडून ठेवलेत. बारा जणांची नाचणी दळून ठेवली. हसायचं असेल तर मला हसा."

हसणं थांबलं. त्यांच्यातल्या त्या म्हाताऱ्यानं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, मग काठी उचलली आणि आपली जनावरं हाकत मागे सारली. जांभळीची सावली त्यानं दिली नाही. खालच्या अंगाला, खडकाला लागून, जिथे दिवसभर ऊन असतं आणि पाणी गढूळ असतं, तिथे पट्टाभर जागा झाली.

म्हशी तिथून पाण्यात उतरल्या. खाली बसलेली ती म्हैस सगळ्यांत शेवटी, दोघांच्या आधारानं. कारभारीण काठावर बसून एकेक मोजत होती. मोजून झाल्यावर तिनं माझ्याकडे न पाहता हात पुढे केला आणि करडू घेतलं.